शुभेच्छांची ओळ

सहीसाठी उचललेलं पेन साहेबांनी खाली ठेवलं. "शेवटची ओळ राहिली का हो?"

"नाही सर. घातली नाही."

मुलुंडला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी पर्सोनेल ऑफिसर होतो. आज त्याला एचआर म्हणतात. नोकरी सोडणाऱ्याला रिलीव्हिंग लेटर देणं माझं काम. म्हणजे हा माणूस आमच्याकडून मोकळा झाला, असा दाखला. त्याच्या शेवटी एक वाक्य असायचं, 'वुई विश हिम ऑल सक्सेस'. बाहेरच्याला तो नुसता शिष्टाचार वाटेल. आमच्यात तसं नव्हतं. माणूस चांगला असेल तरच ते घालायचं. चोरी करून किंवा भांडून गेला असेल तर बाकी पत्र तसंच ठेवायचं, तेवढं गाळायचं. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण कुठलाही पर्सोनेलवाला पत्र हातात आलं की आधी तीच ओळ शोधायचा.

हे पत्र दत्ताचं होतं. स्टोअर्समधला दत्ता, मूळचा कुडाळचा. रोज दुपारी माझ्याच टेबलावर डबा उघडायचा. "नुसत्या वासाने पोट भरणार का तुझं? घे ना रे!" अंधेरीची ऑफर आल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा मी "झकास" एवढंच म्हणालो.

"त्याच्याबद्दल काही तक्रार?" साहेबांनी विचारलं.

"ऐन ऑडिटमध्ये सोडून चाललाय, सर."

"मग तुम्ही बघा." सही झाली.

माझा विचार सरळ होता. तिकडे घेणार नाहीत, मग हा इथेच राहील.

अंधेरीहून फोन आलाच. "शेवटची ओळ नाहीये. मुद्दाम?"

"पत्रात आहे तेवढंच आमचं म्हणणं." अशा वेळी असंच उत्तर द्यायची रीत होती. त्यांनी ऑफर मागे घेतली.

मी दत्ताला गाठलं. "परत ये. साहेबांशी मी बोलतो."

"निरोपाचा नारळ घेतलाय रे. तोच काखेत मारून परत येऊ? स्टोअर्समधली पोरं काय म्हणतील?"

तो कुडाळला गेला. पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. ऑफर का गेली, हे त्याला कळलं नाही. मी कँटीनमध्ये जेवू लागलो. तिथला रस्सा नुसता तिखट असायचा.

माझी सूनही एचआरमध्ये आहे. परवा तिला विचारलं, ती ओळ अजून कोणी बघतं का?

"बाबा, ती सॉफ्टवेअरच टाकतं. सगळ्यांना. चोरालासुद्धा."

मी आत गेलो, दत्ताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याच्या मागे कुठलीतरी मोटर घरघरत होती.

"मेल्या," तो म्हणाला, "'जाऊ नको' म्हणाला असतास तर थांबलो असतो. तुझं ते 'झकास' ऐकलं आणि राजीनामा टाकला."

या कामात नवीन असणाऱ्यांना एवढंच सांगतो. ज्याला जाऊ द्यायचं नाही, त्याचं पत्र आपण करू नये. आधी डबा उघडावा आणि काय ते मराठीत सांगावं.