कलचा माल

“बोल तू बिनधास्त. हिला कुठं मराठी कळतंय?”

पाठीमागच्या टेबलावरून हे वाक्य आलं तेव्हा मी कपड्यांचे कोड नव्या सिस्टीममध्ये भरत होते. मलमल, पांढरा, आखूड कुर्ता. मलमल, पांढरा, लांब कुर्ता. बोटं थांबली नाहीत. थांबली असती तर कदाचित त्यांनी विचारलं असतं, मी सांगितलं असतं आणि हसण्यावर विषय संपला असता. पण मी टाइप करत राहिले, आणि त्या दोघांच्या लेखी त्या क्षणापासून मी मराठी न कळणारी मुलगी झाले.

दोघं पुण्याहून आले होते. आमची कंपनी चिकनकामाचे, म्हणजे लखनवी भरतकामाचे कपडे परदेशी पाठवायची. लखनौच्या तेलीबागेत दोन खोल्यांत सुरू झालेला हा कारभार नव्वदीच्या उत्तरार्धात इतक्या झपाट्यानं वाढला, की दुबईच्या ऑफिसात काय विकलं गेलं ते लंडनच्या ऑफिसला माहीत नसायचं, आणि लखनौत काय तयार पडलंय ते दोघांनाही. म्हणून ईआरपी आणायचं ठरलं. खरेदी, गोदाम, हिशेब, परदेशातल्या शाखा, सगळं एकाच सिस्टीमवर. ती बसवायला एक सीनियर कन्सल्टंट आणि त्यांचा ज्युनियर आला. सीनियर चाळिशीचे, भारदस्त आवाजाचे. ट्रेनिंगमध्ये ते इंग्रजीतून पुन्हा पुन्हा सांगायचे, की ही सिस्टीम आजच्या कंपनीसाठी नाहीच. उद्या दहा देशांत शाखा निघाल्या तरी हिला काही होणार नाही. ज्युनियर माझ्याच वयाचा होता. मी कॉम्प्युटर विभागात सगळ्यात नवी. जुनी माहिती नव्या सिस्टीमच्या साच्यात बसवणं हे माझं काम, म्हणून माझं टेबल त्यांच्याच खोलीत टाकलेलं.

मी मराठी असेन अशी शंका त्यांना येण्याचं कारणही नव्हतं. माझं आडनाव उत्तरेतही सापडतं. वडील हवाई दलात. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, शाळा मात्र प्रत्येक गावात कॉन्व्हेंटच. हिंदी मी इथल्यासारखी बोलते. वडिलांची लखनौहून जोधपूरला बदली झाली तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, म्हणून मागे राहिले, लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत, एका घराच्या वरच्या खोलीत. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांची लेक बाळंतपणाला आल्यावर मी जिन्यातून येता-जाता नमस्ते म्हणण्यापुरती उरले. रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून जोधपूरला फोन लावायचा. आई मराठीत विचारायची, “काय गं, जेवतेस का वेळेवर?” मी हिंदीत सांगायचे, हाँ मम्मी, सब ठीक है. आमच्यात हे नेहमीचंच. मराठी माझ्या कानापर्यंत यायची आणि तिथंच राहायची.

त्याला कारण होतं, आणि ते एका शब्दाएवढं लहान होतं. लहानपणी एका सुट्टीत आम्ही कोल्हापूरला मामाकडे गेलो होतो. मामीनं विचारलं, पोहे कधी खाल्लेस? मी म्हणाले, “मी कल खाल्ली.” झालं. मामेभावंडं पोट धरून हसली. कल खाल्ली, कल झोपली, कल न्हाली. सुट्टी संपेपर्यंत माझं नाव ‘कलकलाट’ पडलं होतं. घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीला कलकलाट म्हणायचं, यात त्यांना दुप्पट मजा येत होती. त्यानंतर मी मराठी बोलणं सोडून दिलं. कुणी सक्ती केली नाही, कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

तर त्या खोलीत मला फुकट मराठी ऐकायला मिळू लागली. डिसेंबर होता. सकाळी धुक्यातून शेअरचे टेम्पो बदलत बदलत तेलीबागेला पोचायचं, हात चोळत कॉम्प्युटर सुरू करायचा, आणि थोड्या वेळानं मागून आवाज यायचा, “अरे, हीटर लाव की, बर्फ झालाय माझा.” ज्युनियर ‘आयला’ म्हणायचा, सीनियर त्याला ‘गाढवा’ म्हणायचे. त्यांच्या गेस्टहाउसमधल्या भाजीला कशी चव नाही, ज्युनियरच्या आईनं कुठली मुलगी बघून ठेवलीय, सीनियरांच्या मुलाला गणितात किती पडले, हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याबद्दलही बोलायचे. “भूत आहे भूत,” ज्युनियर एकदा म्हणाला. “आली कधी, गेली कधी, पत्ता नाही.” सीनियर म्हणाले, “घुमी आहे, पण काम चोख करते. तुझ्यासारखी बडबडत नाही.” मला राग आला नाही. घुमी हा शब्द कितीतरी वर्षांनी कानावर पडला होता. आई म्हणायची.

एकदा जेवणाच्या वेळी ज्युनियरनं डबीतली शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे धरली आणि हळूहळू, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, “लीजिए. ये हमारे यहाँ की चीज है. मूंगफली. थोड़ा तीखा लगेगा आपको.” मी चमच्यानं जराशी घेतली, थँक यू म्हटलं. त्यात लसूण जास्त होता, आमच्या घरी असतो तसाच. तोंड स्क्रीनकडे वळवून मी ती खाल्ली. सांगायला तो क्षण चांगला होता. पण मग इतके दिवस काय काय ऐकलंस, असा प्रश्न आला असता. आणि खरं सांगायचं तर, मी बोलले असते तर त्यांनी माझ्यासमोर असं मोकळं बोलणं बंद केलं असतं, आणि मागचा तो आवाज गेला असता.

ऑफिसात आणखी एकाच माणसाला माझं एकटीनं जेवणं दिसलं होतं. गोदामाचे इनचार्ज. त्यांना सगळे मुंशीजी म्हणत. पांढरी दाढी, कानटोपी, फार कमी बोलणं. आमच्याकडच्या बाया थंडीत गच्चीवर गोल करून बसत, आणि त्या गोलात कसं शिरायचं ते मला कधीच जमलं नाही. मुंशीजींनी एक दिवस गोदामाच्या दाराशी उन्हात एक खुर्ची ठेवली. मला काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच होती, आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी डबा घेऊन जाऊन बसले. मुंशीजी आपल्या कामात. फक्त ऊन सरकलं की म्हणायचे, “बिटिया, कुर्सी इधर कर लीजिए.”

त्या खुर्चीवरून त्यांचं रोजचं काम दिसायचं. माल तपासून झाला की गठ्ठे बांधले जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रकनं दिल्लीला जायचे ते गठ्ठे मुंशीजी दाराआडच्या भिंतीला वेगळे लावायचे आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी टाचायचे. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘कल’. सकाळी ट्रक आला की हमाल काही न विचारता तेवढेच उचलायचे. मुंशीजी सिस्टीम म्हणायचे नाहीत, पण ती त्यांची सिस्टीम होती.

नवी सिस्टीम सुरू व्हायच्या आधी गोदामातला सगळा माल मोजायचा होता. ज्या आकड्यांवर ती सुरू होणार ते खरे असायला हवेत, हे सीनियरांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्या दिवशी आवक बंद, जावक बंद. सकाळचा ट्रक तेवढा आधीच निघून गेला होता. ज्युनियर दिवसभर गोदामात होता. दुपार कलल्यावर तो खोलीत आला, दार लोटलं आणि खुर्ची सीनियरांजवळ ओढली.

“सर, म्हाताऱ्याचा घोळ सापडला.”

मी पाठमोरीच होते. तो सांगत होता, की दाराआड गठ्ठ्यांची रांग आहे. चिठ्ठ्या लावलेल्या. मुंशीजींना विचारलं, ये कल का है? तर म्हणाले, जी, कल का. “म्हणजे कालचा माल, सर. काल ट्रकनं गेला म्हणून कागदावर दाखवलाय आणि इथं दाराआड पडलाय. तोंडावर सांगतो, काही वाटत नाही त्याला.”

सीनियरांनी मोजणीचे कागद त्याच्याकडून घेतले. मग म्हणाले, मोठ्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, संशय होताच, माल कुठंतरी गळतो म्हणून. साहेब आज संध्याकाळच्या विमानानं दुबईला निघणार, त्याआधी कानावर घालायला हवं.

“मुंशीला परत विचारू का?”

“वेडा आहेस का? सावध होईल आणि सगळं हलवेल. आधी साहेब. ते आजच त्याला घरी बसवतील, उद्या किल्ल्या दुसऱ्याकडे.”

माझे हात कीबोर्डवर होते, पण काय टाइप करतेय ते मला दिसत नव्हतं.

हिंदीत कल म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. हिंदी सिनेमे कुणी पाहत नाही? पण दिवसभर धुळीत मोजणी करून डोकं शिणलेलं असताना कानावर ‘कल का’ पडलं, की मराठी माणूस आधी काल ऐकतो. मला हे पुरेपूर कळत होतं. माझंच उलट्या बाजूनं झालं होतं ना कधीतरी, पोह्यांच्या बशीपुढे.

मी स्वतःशी म्हटलं, अजून वेळ आहे. जाण्याआधी ते मालाचं चलन बघतील, हमालाला विचारतील, कुणीतरी ‘जाएगा’ म्हणेल आणि सगळं आपोआप उलगडेल. पण सीनियर ज्युनियरनं लिहिलेले कागद एकावर एक लावत होते. मग मी मागे वळले आणि इंग्रजीत विचारलं, उद्याच्या डिस्पॅचचा माल वेगळा मोजलाय का? ज्युनियर हसला. म्हणाला, मॅडम, ते आम्ही बघतो, तुम्ही तुमचे कोड पूर्ण करा. आणि सीनियरांकडे वळून मराठीत, “आज भूत बोललं, सर.”

मी परत स्क्रीनकडे तोंड केलं.

इंग्रजीत सगळं सांगता आलं असतं का? मी मनात जुळवून पाहिलं. वाक्य नीट होत होतं, व्याकरण बरोबर, पण ते सुरू कुठून करायचं? तुम्ही आत्ता जे बोललात, तिथूनच करावं लागत होतं, आणि ते मला कळायलाच नको होतं. शिवाय इंग्रजीत काल वेगळा, उद्या वेगळा. तिथं ही चूक होतच नाही. ती फक्त या दोन भाषांच्या मधल्या जागेत होत होती, आणि त्या खोलीत तिथं मी एकटीच उभी होते.

खिडकीतून गोदामाचं दार दिसत होतं. ऊन भिंतीवर चढलं होतं. मुंशीजी हमालाला काहीतरी सांगत होते. मग त्यांनी माझी खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली, दव पडायच्या आत, रोजच्यासारखी.

मागे सीनियरांची खुर्ची सरकली. कागद हातात घेऊन ते दाराकडे निघाले होते. ज्युनियर स्वेटर खाली ओढत त्यांच्या मागे. सीनियरांनी दाराच्या कडीला हात घातला.

मी उभी राहिले. आधी “सर” म्हणाले, ते इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा दोघं वळले. सीनियरांच्या चेहऱ्यावर सौम्य, हिंदीत बोलायच्या तयारीतलं हसू होतं. मराठीतली वाक्यं मी मनात लावून ठेवली होती, तीही विस्कटली. कोल्हापूरची सगळी पोरं त्या दारात येऊन उभी राहिली. हसतील, मला वाटलं, आता हे दोघंही हसतील, आणि उद्यापासून या खोलीत कुणी काही बोलणार नाही.

“सर,” मी म्हणाले, “तो कल काल नाही आहे. तो कल उद्या आहे.”