ताईंचा डावा गुडघा

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या शाळेच्या ग्राउंडवर खुर्ची चालत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी स्टाफरूममधली एक खुर्ची उचलून लिंबाच्या सावलीत ठेवली होती आणि तिच्यात बसून मुलींना वॉर्मअप करायला सांगत होतो. मागून आवाज आला, "काय हो सर, पाय दुखायलेत?"

"नाही ताई."

"मग पाहुणे म्हणून आलात का? चाय सांगू?"

या कुसुमताई सोनकांबळे. शाळेच्या जुन्या खेळशिक्षिका, आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. मी देगलूरच्या शाळेत शिकलेला, पुढे हैदराबादला येऊन बी.पी.एड. केलेला. डिग्रीचा थोडा ताठा होता, तो त्या खुर्चीबरोबरच स्टाफरूममध्ये परत गेला. त्या दिवसापासून ताई मला 'सर' म्हणायच्या बंद झाल्या आणि 'देगलूर' म्हणायला लागल्या. गावाचं नाव एवढ्या वेळा आमच्या बसस्टँडवरसुद्धा पुकारलं जात नाही.

ताईंचे वडील नांदेडकडून येऊन काचीगुड्याला रेल्वेत लागलेले. वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत ताई लेझीमच्या पहिल्या ओळीत असायच्या. तिथं त्यांचे पाय बघून कुणीतरी त्यांना खो-खोत ओढलं आणि त्या खो-खोच्याच होऊन बसल्या. बसल्या म्हणणं चूक आहे. ग्राउंडवर ताई कधी बसत नसत. पोरींना जे शिकवायचं ते आधी स्वतः करून दाखवायचं, हा त्यांचा धर्म. खांबावरून झेप घ्यायची असेल तर आधी ताईंची साडी खोचली जायची, ताई मुरमावर झेप घ्यायच्या, उठून माती झटकायच्या आणि म्हणायच्या, "असं."

त्यांचं सगळं शास्त्र त्या एका शब्दात होतं. त्याला कारणही होतं. आमच्या पोरींत कुणी घरी तेलुगू बोलणारी, कुणी दख्खनी, आणि ज्या मराठी घरच्या त्यांचं मराठी बिर्याणीतल्या वेलदोड्यासारखं, अधूनमधून दाताखाली येणारं. ताईंचा सगळा जन्म या शहरात गेला तरी त्यांचं तेलुगू 'रा, पो, कूर्चो' म्हणजे 'ये, जा, बस' एवढ्यावर थांबलेलं. 'असं' मात्र सगळ्यांना कळायचं. त्यात व्याकरण नव्हतं, गुडघे होते.

आणि त्यातला डावा गेला.

ताईंची लेक त्रिवेणी बँकेत आहे. तिनं आईला जवळजवळ धरूनच कोठी भागातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, उड्या तर नाहीच नाही. ताई म्हणाल्या, "श्वास घेतला तर चालते का?" ही बातमी त्रिवेणीकडूनच आमच्या मुख्याध्यापिका गीता मॅडमपर्यंत पोचली, आणि मॅडमनी ताईंना ऑफिसात बोलावलं. मलाही.

"ताई, दसऱ्याच्या सुट्टीनंतर तुम्ही लायब्ररी बघा," मॅडम म्हणाल्या. "ग्राउंड हे सर बघतील."

"खालच्या कप्प्यातली पुस्तकं कोण काढणार? हाच?"

"ताई, थट्टा नको. उद्या तुम्ही मुलींसमोर पडलात तर? करून दाखवता येत नसेल तर खेळाच्या टीचरनं करायचं काय?"

ताई ऑफिसातून बाहेर आल्या. पायरीवर थांबून म्हणाल्या, "बराबर बोलली रे ती. दाखवता येईना तर मी काय खुर्चीत बसून बोंबलू?"

"पुष्कळ कोच खुर्चीत बसतात, ताई."

"बसतात. मग पोरींना वाटते खेळ म्हणजे बसायची गोष्ट आहे. दसऱ्यापर्यंत मी दाखवते. मग तुझं तू बघ, देगलूर."

दसऱ्याला अजून वेळ होता. ताई रोज ग्राउंडवर येत आणि रोज दाखवत. मी "मी दाखवतो" म्हणालो की त्या माझ्याकडे असं बघत, जसं मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली.

सुट्टीच्या आधी गौलीगुड्याकडच्या एका क्लबाशी मैत्रीची मॅच ठरली. आमच्या पोरी पळण्यात चांगल्या होत्या. पण पकडायची पाळी आली की काहीतरी बिनसायचं. खो-खोत आठ जणी पाटीवर उकिडव्या बसतात. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी उठून पळायचं. निम्मा खेळ त्या उठण्यातच असतो. आमच्या पोरी उठत होत्या, पण तोवर समोरची पोरगी पाटी पार करून केस सारखे करत असायची. कॅप्टन रेणुका प्रत्येकीवर ओरडत होती आणि स्वतःही तितकाच उशीर करत होती. आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो.

मॅच संपल्यावर त्या क्लबाचे कोच प्रकाश सर पाण्याचा जग घेऊन आमच्याकडे आले. माणूस सभ्य, खरोखर काळजीनं विचारत होता.

"ताई, रागावू नका. तुमच्या सगळ्या मुलींचा डावा गुडघा दुखतो का?"

"का हो?"

"खो मिळाला की सगळ्या डावा हात गुडघ्यावर टेकवून उठतात. आधी वाटलं एखादीला लागलं असेल. मग बघतो तर आठच्या आठ."

बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या आणि उतरेपर्यंत बाहेरच बघत राहिल्या. पोरी मागं अंताक्षरी खेळत होत्या.

अनुकरणातून शिक्षण या विषयावर मी परीक्षेत पानं भरभरून लिहिलं होतं, मार्कही बरे पडले होते. तोच धडा रोज सकाळी लिंबाखाली आठ जणी उघडून बसत होत्या आणि मला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पोरींना पाटीवर बसवलं. स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. "देगलूर, एकेकीला खो दे." मी देत गेलो. हात गुडघ्यावर, मग उठणं, मग पळणं. एकीचंही चुकलं नाही. ताईंनी जसं दाखवलं होतं, अगदी तसं. शेवटची उठली तेव्हा ताईंचा स्वतःचा हात डाव्या गुडघ्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"तू दाखव," त्या मला म्हणाल्या.

त्या पहिल्यांदाच असं म्हणाल्या होत्या. मी ऐटीत चौकोनात उकिडवा बसलो. रेणुकानं माझ्या पाठीत दणका दिला, "खो!" मी उठलो आणि पोरी फिस्सकन हसल्या. "सर भी!" रेणुका म्हणाली. मी खाली बघितलं. माझा डावा हात माझ्या डाव्या गुडघ्यावर होता.

"तुझा पण गेला का रे?" ताई म्हणाल्या. पोरी आणखी हसल्या. ताई हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रेणुका, ऑफिसातून खुर्ची आण."

हसणं थांबलं. रेणुकाला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. "कुर्सी, ताई मॅडम?"

"हौ, कुर्सी. हातवाली आण."

खुर्ची आली. ताईंनी ती पाटीच्या मधोमध, रेषेबाहेर ठेवली, इकडं तिकडं कुणी बघतंय का ते पाहिलं आणि बसल्या. हात मांडीखाली दाबून घेतले, उगाच काही दाखवायला जाऊ नयेत म्हणून.

आता 'असं' म्हणता येईना. तोंड उघडून ताई थांबल्या. "हात... दोन्ही हात जमिनीला. मागचा पाय... पाय नाही, चवडा. चवडा दाबायचा."

"चवडा क्या होता?" एकीनं विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी रेणुकाकडे. रेणुकानं स्वतःच्या पायाचा पुढचा भाग थोपटून तेलुगूत काहीतरी सांगितलं, दुसरीनं त्याचं दख्खनी केलं. तिथून पुढे तो तास म्हणजे खो-खो कमी आणि संसदेचं अधिवेशन जास्त. हाताला तेलुगूत चेय्यी म्हणतात हे ताईंनी तेव्हा पहिल्यांदा विचारून घेतलं, आणि कुणाचाही हात गुडघ्याकडे वळला की त्या ओरडू लागल्या, "चेय्यी!"

बसल्यामुळे आणखी एक झालं. रोज ताई पोरींबरोबर पळायच्या, त्यामुळे त्यांना पोरींच्या पाठी दिसायच्या. आता तोंडं दिसायला लागली. "ही मीना खो मिळायच्या आधीच डोळे मिटते," त्या मला हळूच म्हणाल्या. "किती वर्षांपासून मिटत असेल रे? मी तर पाठीमागं पळत होते."

"सांगा ना तिला."

"सांगते. डोळ्याला काय म्हणतात, तेवढं विचारून ये."

सुट्टीला थोडे दिवस राहिले तेव्हा गीता मॅडम ग्राउंडवर आल्या. त्यांनी आधी खुर्ची बघितली, मग ताई बघितल्या, आणि चेहऱ्यावर 'झालं एकदाचं' असा भाव आला. लायब्ररीच्या किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या. बोलायला म्हणून त्या खुर्चीमागं थांबल्या.

ताईंना पत्ता नव्हता. "सायली, मागचा चवडा! बघून उठ. हां. मीना, डोळे!" खो पडत गेले. दोन्ही हात जमिनीला, चवडा दाबला, उठली, पळाली. मी समोरून पळत होतो आणि धापा टाकत होतो, कारण यावेळी मला खरोखर पकडत होत्या. मॅडमनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

डाव संपला. ताईंना मागं कुणीतरी असल्याचं जाणवलं. मॅडम दिसताच त्या घाईघाईनं उठायला गेल्या, आणि उठताना डावा हात गुडघ्यावर टेकला.

"चेय्यी, ताई मॅडम!" आठच्या आठ जणी एकदम ओरडल्या.

ताई तशाच, अर्ध्या उठलेल्या. मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून त्या नीट, सावकाश उभ्या राहिल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"बसा ताई," मॅडम म्हणाल्या. "मी जरा बघायला आले होते." मग त्यांनी मला विचारलं, "काय हो, लायब्ररीतली खालच्या कप्प्यातली पुस्तकं तुम्हाला काढता येतील ना? रिकाम्या तासाला?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"जा रे देगलूर," ताई पुन्हा खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण वाकताना गुडघ्यावर हात ठेवू नको. पुस्तकं शिकतील."