बाबांनी वाळवलेली लिली

इंदूरमधल्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर आईची बाग होती. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, आणि तेलाच्या कापलेल्या डब्यांमध्ये लावलेली गुलाबी रेन लिली.

एका उन्हाळ्यात मावशीच्या ऑपरेशनसाठी आई पुण्याला गेली आणि झाडांना पाणी घालायचं काम बाबांवर आलं. बाबा रेल्वेत कारकून. झाडांशी त्यांचा संबंध पूजेची फुलं तोडण्यापुरताच. तरी रोज सकाळी बादली घेऊन वर चढायचे. पण लिलीची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा ती मेलीच असं त्यांनी ठरवून टाकलं. डबे जिन्याखाली सरकवले आणि आईला फोनवर सांगू नकोस म्हणून मला बजावलं.

आई परत आली ती बॅग दारातच ठेवून थेट गच्चीवर. बाबा मागोमाग, चेहरा पाडून. आईनं जिन्याखाली डबे शोधून काढले, त्यांतली माती उकरली, कांद्यासारखा एक कंद बोटांनी दाबून पाहिला, आणि डबे परत गच्चीवर उघड्यावर नेऊन चांगले भिजवले.

आठवड्याच्या आत एका सकाळी सगळे डबे गुलाबी झाले होते. बाबांना खरंच वाटेना. शेजारच्या काकाजींना ते वर घेऊन आले.

"भिया, तुमने तो कमाल कर दी," काकाजी आपल्या इंदुरी हिंदीत म्हणाले.

बाबांनी ते मान्यही करून टाकलं. आई हसत चहा ठेवायला खाली गेली. लिली अशी कोरडी ठेवून मग भिजवली की भरभरून फुलते, हे तिनं त्यांना नंतर सांगितलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात लिली वाळवायचं खातं बाबांकडे आलं. पाणी कधी तोडायचं, कधी घालायचं, ते आईलाच विचारायचे. चारचौघांत मात्र सगळं आपलंच शास्त्र असल्यासारखं सांगायचे.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकदा पलासिया भागातल्या माझ्या ऑफिसातून परस्पर बाबांच्या घरी गेले, तर बाबा लिलीला पाणी घालत होते. पानं हिरवीगार.

"बाबा, आत्ता पाणी तोडायचं असतं ना?"

"यंदा नाही करवत गं," ते म्हणाले.

त्या वर्षी फुलं एकदम आली नाहीत. आज एक, मग चार दिवसांनी दोन. प्रत्येक फुलागणिक बाबांचा फोन यायचा, आणि मी मीटिंगमधून उठून तो घ्यायचे. कुठल्या डब्यात आलंय, रंग कसा आहे, ते सावकाश सांगायचे. मीही घाई करायचे नाही.