फोनवरून बोलावलेली ताई

लाईन हा शब्द इंग्रजी आहे, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. भिंगारला आम्ही लाईनीतच राहायचो. कॅम्पातल्या कारकुनांच्या खोल्यांच्या रांगेला सगळे लाईनच म्हणत. नळाला लाईन, रॉकेलला लाईन, आगगाडीची लाईन. वाया गेलेलं पोरगंसुद्धा लग्न झालं की लाईनीवर यायचं. पुढे शिक्षिका झाल्यावर एकदा कोश उघडला, तर शब्दाचं मूळ निघालं जवसाच्या धाग्यात! आपण ज्याची चटणी करतो ना, तोच जवस. म्हटलं, कमालच आहे बाई.

मला मात्र लाईन म्हटलं की टेलिफोन आठवतो, आणि अजून राग येतो.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ताईचं लग्न होऊन ती बेलापूरला गेली. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करायची आणि माहेरच्या माणसानं जाऊन लेकीला आणायचं, ही रीत. त्या माणसाला मुराळी म्हणतात. आम्हाला भाऊ नव्हता.

"अहो, तुम्हीच जाऊन या," आई म्हणाली.

"रजा कोण देतंय? फोन करू की!" बाबांना नव्याचं भारी कौतुक.

"मी जाऊ?" मी विचारलं.

"गप गं. पोरीनं कुठं मुराळी व्हायचं असतं?" आईनं दटावलं.

मग पोस्टात ट्रंक कॉल लावून आम्ही तिघं बाकावर बसलो. ताईच्या सासऱ्यांच्या अडत दुकानात फोन होता. लाईन लागेपर्यंत दुपार टळली. बाबा ओरडूनच बोलले, "पंचमीला पोरीला पाठवून द्या!"

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "सून म्हंजी काय गुळाची ढेप हाय व्हय, निरोप आला की गाडीत घालून धाडायला? मुराळी आल्याबगर ती उंबरा वलांडायची न्हाई."

खट्‌! लाईन बंद. बाबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे हात जोडले, पण रजा काही मिळाली नाही.

पंचमी ताईविना गेली. लाईनीतल्या पोरी झोक्यावर ओरडत होत्या आणि मी घरात तोंड फुगवून बसले होते. मेंदी ताईच काढायची, दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. तिच्या बांगड्यांचा आवाज, तिचं खेकसणं, वेणी घालताना मारलेली टपली, सगळं सगळं हवं होतं मला. वर्षभर एकच ध्यास, ताई कधी येते.

पुढच्या श्रावणात बाबा आधीच रजा काढून गेले आणि तिला घेऊन आले. मी तिची पाठ सोडली नाही. झोपायचीसुद्धा तिला चिकटून. पंचमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचत ती आईला म्हणाली, "आता मला घरी जायला हवं. सगळी खोळंबली असतील."

घरी! आई नुसती "बरं" म्हणाली आणि लाडू बांधायला बसली. मी वर्षभर जिची वाट पाहिली होती, ती ताई मला काही परत मिळाली नाही.