दुकानाच्या ओट्यावरच्या ओल्या कुरडया

तुमच्या गावात सकाळी सगळ्यात आधी काय उघडतं? शाळा? दवाखाना? रेशनचं दुकान? आमच्या गावात देशी दारूचं दुकान उघडायचं. आठ वाजता शटर खडाडकन वर, आणि दवाखान्याचं कुलूप अजून तसंच लटकलेलं.

साडेआठला माझ्या मामाची काळीपिवळी दारव्ह्याला सुटायची. मागच्या बाकड्यांवर आम्ही कॉलेजच्या पोरी, मध्ये बाजाराच्या बाया. शटर वर जाणं आणि जीप सुटणं यांच्यामधला अर्धा तास मामा दुकानाच्या ओट्यावर काढायचा. "एक पव्वा, बस. त्यानं हात स्थिर राह्यते," म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात पुलाजवळच्या वळणावर तो हात इतका स्थिर राहिला की वळलाच नाही. जीप नालीत, आम्ही एकमेकींच्या अंगावर, आणि माझ्या मैत्रिणीचं मनगट मोडलं. मामा मामीसमोर बसून ढसाढसा रडला. जीप दुरुस्त होऊन आली त्या सकाळी आठला तो पुन्हा ओट्यावर होता. पुढच्या वेळी नुसत्या मनगटावर भागणार नाही, हे त्या जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी आम्ही बसत होतो. दुसरी जीप नव्हती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात धान्याच्या कोठीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि अक्षरओळख "बंधुभगिनींनो, जागे व्हा" यावरच झालेली. तेव्हा मी काय केलं असेल? पत्रक काढलं. संपूर्ण दारूबंदीची मागणी, प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह, दिग्रसहून छापून आणलेलं. आठवडी बाजारात घसा फोडून वाटलं. पुढच्याच आठवड्यात ते मला ओट्याशेजारी दिसलं. फुटाणेवाला त्याचे कोन करून गिऱ्हाइकांना चखना देत होता. मला बघून खूश झाला. "ताई, कागद लय मजबूत हाय. अजून हायेत काय?"

गावाला जाग आणली ती एका ढगाळ दिवसानं.

कुठल्याशा निवडणुकीचा ड्राय डे होता. नळाच्या पाइपासाठी मामीचं अंगण खणून ठेवलेलं, आणि कुरडयांसाठी भिजवलेला गहू तर थांबत नाही. समोर दारूचं दुकान बंद. त्याच्या पुढचा सिमेंटचा ओटा गावात सगळ्यात गुळगुळीत आणि दिवसभर उन्हात. मामीनं ओटा दोनदा धुतला, प्लास्टिक अंथरलं. मदतीला बंजारा तांड्यावरची याडी आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात; हिला आम्ही सगळेच याडी म्हणतो. गल्लीतल्या बायांनी आपापला गव्हाचा चीक तिथंच आणला, आणि दुपारपर्यंत ओटा पांढऱ्या कुरडयांनी भरून गेला. तेवढ्यात आभाळ आलं. ओली कुरडई उचलली की तुटते. बायांनी वरून जुनी लुगडी टाकली आणि सगळ्या घरी गेल्या.

सकाळी मामीनं लुगडी काढली. कुरडया अजून ओल्याच. आठला दुकानदार आला, आणि त्याच्यामागे नेहमीची मंडळी.

"वहिनी, हे काय? गिऱ्हाईक येऊन राह्यले ना!"

"येऊ द्या ना भाऊ. म्या कोनाचा हात धरला काय?"

"प्लास्टिकच धरून वढून घ्या मंग."

"वढा. जराशी चळली का भुगा होते. पन आधी घरी इचारून या. मधल्या दोन वळी तुमच्या बायकोच्याच हायेत."

दुकानदारानं मधल्या दोन ओळींकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले.

गर्दीतला एक काका पुढे सरकला. "मावशे, एक पाय ठेवापुरती तं जागा दे!"

"ठेव ना बापू," याडी म्हणाली. "अक्षय तृतीयेले पितरांच्या पानात हेच वाढतेत. तुह्याच बापाच्या पानात पडन. घाल लात."

काकानं उचललेला पाय हवेतच राहिला. मग तो हळूच मागे गेला आणि कोणी न सांगता चपला काढून उभा राहिला. अन्न ओलांडायचं नाही, हे आमच्याकडे दारूच्याही आधी शिकवलेलं असतं. एका बहाद्दरानं बाजूच्या भिंतीवरून शटरपर्यंत फळी टाकली आणि दोन्ही हात पसरून डोंबाऱ्यासारखा निघाला. मधोमध फळी वाकली. "पडला तं तोंडावर पड रे," याडी ओरडली, "पाठीवर पडला तं जास्त कुरडया मोडतीन!" तो रांगत परत आला. आम्ही पोरी रस्त्याच्या कडेला पोट धरून खाली बसलो.

मग मामा आला, किल्ली बोटात फिरवत.

"काहून बसली इथं?" त्यानं मामीला विचारलं.

"वाळवण राखून राह्यली."

"किती वेळ?"

"ऊन सांगन थेवढा."

मामा घड्याळाकडे, शटरकडे, कुरडयांकडे बघत राहिला. "मामा, चाल ना, पेपर हाय!" मी ओरडले. मामीनं ताकाचा तांब्या पुढे केला. त्याचे हात थरथरत होते, अर्धं ताक सदऱ्यावर सांडलं. मग शिव्या देत जीपमध्ये बसला आणि दारव्ह्यापर्यंत शिव्याच देत राहिला, सरकारला, गव्हाला, याडीला. पण एकेक खड्डा चुकवत. वळणावर त्यानं चक्क हॉर्न वाजवला! आम्ही टाळ्या पिटल्या.

त्यानंतर ओटा रिकामा राहिला नाही. आज कुरडया, उद्या पापड, परवा सरगुंडे. ज्या घरात कधी वाळवण झालं नव्हतं त्यांनीही चीक शिजवला. रोज दुपारी वाळवण उचललं की मगच दुकान उघडायचं, आणि सकाळच्या फेऱ्या मामा कोरडा मारायचा. दारू सुटली असं मी म्हणणार नाही, तो संध्याकाळी पितोच. मला अजूनही संपूर्ण बंदी हवी आहे आणि त्यावर मी मामीशी भांडते. ती म्हणते, "तुले सगळी पायजे. मले सकाळ पायजे. तू सगळी आन, तवर मी सकाळ राखतो."

दुकान जीपच्या फेऱ्या झाल्यावरच उघडावं, असा ठराव ग्रामसभेत हात वर करून झाला. वेळ वरून ठरते, असं सरकारी उत्तर आलं. आता मृग तोंडावर आहे. पावसात ओट्यावर काही वाळत नाही. शटर पुन्हा आठला वर जाईल आणि जीप साडेआठलाच सुटेल.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक मागते. उद्या सकाळी गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरच्या जवळ जा, "कसं काय भाऊ" विचारा, आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाचा वास घ्या. वास आला तर उतरा. एकटे उतरू नका, शेजारच्यालाही हाताला धरून उतरवा. रिकामी गाडी कोणी हाकत नाही.