भुरीपाशी बोललेलं

मनकर्णाचं माहेर उमापूरला आणि सासर आष्टीकडच्या एका वाडीत. मधे फक्त दोन एस.ट्या. तरी सात वर्षांत ती माहेरी मुक्कामाला राहिली नव्हती. अडवणारं माणूस कुणी नव्हतं, म्हैस होती.

भुरी तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. त्यात दुष्काळाचं साल. कडबा संपलेला, रान करपलेलं. दूध संस्था देई ती पेंड भुरीला, आणि भुरी देई ते दूध संस्थेला. त्यावरच घरची चूल पेटायची. मागल्या महिन्यात रेडकू मेलं आणि भुरी आणखीच हट्टाला पेटली. मनकर्णा हळू आवाजात बोलत राहिली, तरच पान्हा सोडायची.

बोलता बोलता मनकर्णा निघून जाई. म्हशीच्या उबदार कुशीला कपाळ टेकलं की डोळे मिटत आणि ती उमापुरात असे. दारातला लिंब, त्याखाली ज्वारी पाखडणारी आई, उन्हात तरंगणारा कोंडा. आई सरकून जागा करून देई. बादलीत फेस चढेपर्यंत ती तिथंच बसलेली असे.

अशात तिचा भाऊ आसाराम याचा निरोप आला. आईनं अंथरूण धरलंय, तुझंच नाव घेते.

चार दिवस धार निघाली नाही तर म्हैस आटणार, हे मनकर्णाला पक्कं ठाऊक होतं. आणि आई काही पुन्हा मिळणार नव्हती. नवरा राधाकिशन अबोल गडी, तोही म्हणाला, "जा तू. मी काढतो धार."

सकाळी तो बायकोचं लुगडं नेसला, हातांत बांगड्या कोंबल्या. मिशांचं तेवढं काही करता येईना. म्हशीला फसवायला माणसं हे करतातच, त्यात लाजायचं काय! भुरीनं त्याला हुंगलं, क्षणभर विचार केला आणि बादली लाथाडली.

"तू काय बोलतीस तिच्यासंगं?" त्यानं बायकोला विचारलं. " त्येच सांग."

ते बोलणं मनकर्णाला नवऱ्याच्या कानावर घालायचं नव्हतंच. पण एस.टी.ची वेळ होत आली होती. ती खांबाआड उभी राहिली आणि एकेक वाक्य सांगू लागली. तो मागोमाग म्हणू लागला.

"आये, मी आले बघ."

"आये, मी आले बघ."

"सरक जरा. लई दमले."

"सरक जरा. लई दमले."

"आये, मी का गप ऱ्हाते, ह्ये हितं कुणी इचारीत न्हाई."

राधाकिशन अडखळला. मग त्याच्या जाड्याभरड्या आवाजात तेही म्हणाला. भुरीनं कान पाडले आणि बादलीत धार वाजू लागली.

बादली भरली तरी तो उठला नाही. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून तसाच बसून राहिला. मनकर्णाला वाटलं, रागावला. तिनं पिशवी उचलली.

"आठ दिस ऱ्हा," तो मान न वळवता म्हणाला. "पंधरा ऱ्हा. भुरीला मी बघतो. पण... परत येशील न्हवं?"

तिनं पिशवी खाली ठेवली. त्याच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

"येते की," ती म्हणाली. "आल्यावर समदं तुमालाच सांगते."