उजव्या अंगाची नळी

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात जळकोटकडच्या माळावर एकाही विहिरीत बादली बुडेना. टँकरच्या अर्जासाठी पूर्वी उस्मानाबादेला जावं लागे, आता लातुरातच साहेब बसू लागले होते. लोकांचा तेवढा हेलपाटा वाचला होता. पाणी मात्र टँकरच आणत होते, आणि टँकर बिघडले की उदगीरच्या नाक्यावर पंचाक्षरीच्या गॅरेजपुढं येऊन उभे राहत होते.

पंचाक्षरी चाळिशीचा, अंगाने किरकोळ, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि कोपरापर्यंत काळं तेल. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि एकदा लावला की जेवणाचं भान राहायचं नाही. त्याची बायको महादेवी डबा घेऊन यायची आणि तो हात पुसेपर्यंत बाकड्यावर बसून राहायची.

टँकरवाल्यांपैकी साहेबराव त्याचा जिवाचा दोस्त. दोघं एका गल्लीत वाढलेले. साहेबराव भगवानराव नावाच्या मालकाचा ट्रक चालवायचा. त्या ट्रकवर लोखंडी टाकी बसवून तो खडकवाडीला पाणी पोचवायचा. खडकवाडी एका चढावर वसलेली, आणि साहेबरावची थोरली बहीण मंजुळाबाई तिथंच दिलेली.

सगळी अडचण त्या चढाची होती. रस्ता कच्चा, त्यावर पिठासारखा फुफाटा. इंजिन हवा ओढतं ती गाळायची डब्बी गाडीला खालीच होती. ती फुफाट्याने भरून जायची आणि इंजिन गुदमरायचं. काळा धूर ओकत गाडी अर्ध्या चढावर धापा टाकायची. मग साहेबराव पायथ्यालाच निम्मी टाकी सोडायचा आणि निम्मी घेऊन वर जायचा. वरच्या आळीतल्या बायांना घागरी घेऊन खाली उतरावं लागायचं. मंजुळाबाई त्यांतलीच एक. तिचे गुडघे गेलेले.

"अप्पा, कायबी कर," साहेबराव म्हणाला, "पर भरली टाकी वर गेली पायजे. माझी अक्का उन्हात बसत-उठत चढती, आन् मी वर गाडीत बसून बघून राहिलो. बघवत न्हाई."

पंचाक्षरीने भंगारात पडलेल्या खडी फोडायच्या यंत्राची हवेची डब्बी शोधून आणली. पिंपासारखी मोठी. ती केबिनच्या मागं उंचावर बसवली, की फुफाट्याच्या वरची स्वच्छ हवा इंजिनाला मिळणार होती. अडचण एकच होती. तिथून इंजिनाकडे येणारा जाड पाइप नेमका त्याच जागेतून जात होता, जिथून तापलेलं पाणी रेडिएटरकडं नेणारी रबरी नळी गेलेली होती. दोन्हींना जागा पुरेना. नळीला दुसरी वाट द्यायला हवी होती.

ही गाडी तोंडाला चपटी. इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. पाण्याच्या नळीला दोन वाटा होत्या. एक लांबची: इंजिनावरून खाली उतरवून केबिनच्या तळाखालून, बाहेरून पुढं न्यायची. तशी नेली तर वर हवा अडकते, म्हणून तिला वरच्या टोकाला हवा काढायची तोटी बसवावी लागणार, खाली पट्ट्या ठोकाव्या लागणार. दुसरी वाट जवळची: इंजिनाच्या उजव्या अंगाने, झाकणाच्या आतून सरळ पुढं. उजवं अंग म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी.

"लांबून घेतो," पंचाक्षरी म्हणाला. "उद्या दिवसभर गाडी इथं राहू दे."

"उद्या वाडीला पाणी न्हाई का मग?" साहेबराव म्हणाला. "जल्दी कर. ह्या अंगानं घे की."

"पायाशी येती ती."

"मधे पत्रा हाय ना? येऊ दे. थंडीत शेकायला हुईल."

दोघंही हसले. पंचाक्षरीने लोखंडी पाइपात वाळू भरली, भट्टीत तापवून वाक दिला, दोन्ही टोकांना रबराचे तुकडे चढवून क्लिपा आवळल्या. दिवस कलायच्या आत गाडी उभी होती. दुसऱ्या दिवशी भरल्या टाकीने ती चढावर गेली ती थेट मारुतीच्या पारापाशी थांबली. मंजुळाबाईने दाराच्या पायरीपासून पाराकडं बघितलं आणि भावाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. साहेबराव परतताना मुद्दाम गॅरेजवर उतरला आणि हे सगळं हातवारे करून सांगितलं. पंचाक्षरीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

चैत्र सरला, वैशाख लागला. गाडी रोज चढत होती. पंचाक्षरी अधूनमधून झाकण उचलून क्लिपा आवळून द्यायचा. रबर उष्णतेने कडक होत चाललं होतं हे त्याच्या बोटांना कळत होतं. बदलायला हवं, असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा बाहेर दुसरा टँकर हॉर्न वाजवत होता.

त्या दुपारी साहेबराव चढाच्या मध्यावर होता. बाया नेहमीसारख्या घागरी घेऊन गाडीच्या मागून चालत होत्या, कारण टाकीच्या सांध्यातून गळणारी धारही कुणी वाया जाऊ देत नव्हतं. भावाला सामोरी आलेली मंजुळाबाईही त्यांत होती. पुढचं रबर फाटलं आणि उकळतं पाणी झाकणाच्या फटीतून सरळ केबिनमध्ये आलं.

साहेबरावचा पहिला ओरडा कुणाला समजला नाही. इंजिन बंद पडलं. हातब्रेक ओढला तरी भरली गाडी मागं सरकायला लागली, आणि मागं बाया होत्या. त्याने उजवा पाय ब्रेकवर दाबून धरला. दार उघडून उडी मारता आली असती. उडी मारली असती तर गाडी उताराला लागली असती. डाव्या पायाला तर हलवायला जागाच नव्हती. पाणी मांडीपासून घोट्यापर्यंत येतच राहिलं.

"दगड लावा!" तो ओरडला. "अक्का, चाकाला दगड लाव!"

गुडघे गेलेली मंजुळाबाई धावली. तिने आणि आणखी दोघींनी चाकांमागं धोंडे सारले. गाडी थबकली तेव्हा साहेबराव दारातून खाली कोसळला. मंजुळाबाईने टाकीची तोटी सोडली, घागर भरली आणि त्याच्या पायावर ओतली. मग दुसरीने ओतली, मग तिसरीने. वाडीचं त्या दिवसाचं पाणी फुफाट्यात मुरत गेलं, आणि कुणी कुणाला थांबवलं नाही.

जीपने त्याला उदगीरला, तिथून लातूरला नेलं. पंचाक्षरी एसटीने गेला. साहेबराव खाटेवर होता, भाजलेल्या पायाला कापड लागू नये म्हणून कमरेखाली जाळीचा पिंजरा, त्यावर चादर. शेजारी त्याची बायको कावेरीबाई. तिने पंचाक्षरीकडं पाहिलं आणि मान भिंतीकडं वळवली.

"अप्पा," साहेबराव म्हणाला, "गाडी कुठं हाय?"

"चढावरच."

"मग पाणी कोण नेऊन राहिलं?"

"कुणीबी न्हाई."

साहेबरावने डोळे मिटले. "नीट कर तिला. माझ्यापाशी बसून काय करतूस?"

पंचाक्षरी हत्यारांची पेटी घेऊन खडकवाडीला गेला. गाडी धोंड्यांवर टेकून तशीच उभी होती. त्याने झाकण उचललं, ती उजव्या अंगाची नळी उपसून काढली आणि खाली रस्त्यावर फेकली. मोठी डब्बीही उतरवायची, गाडी होती तशी करायची, असं त्याने येतानाच ठरवलं होतं. डब्बीचा पहिला नट सैल केला तेव्हा मंजुळाबाई काठी टेकत आली.

"हे काय काढून राहिलास?"

"जुनं होतं तसं करतो, अक्का. नको हे."

"मग गाडी वर येईल का?"

पंचाक्षरीचा पाना नटावरच थांबला.

"माझ्या भावानं पाय उगंच जाळला का रे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाणी वर आलं पायजे. कसं आणायचं ते तू बघ."

नट त्याने पुन्हा आवळला. मग गाडीखाली आडवा होऊन लांबच्या वाटेला लागला. तळातून पाइप नेला, पट्ट्या ठोकल्या, वरच्या टोकाला तोटी बसवली. सगळं मिळून एक दिवस लागला. एकच दिवस. काम संपल्यावर तो गाडीखालून बाहेर आलाच नाही. पान्याची खडखड थांबली तरी बराच वेळ त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. बायांना काय ते कळलं. त्या लांबून निघून गेल्या.

त्या सीटवर बसायला दुसरा ड्रायव्हर मिळेना. मग पंचाक्षरीने गॅरेजचं फाटक लावलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. भरली टाकी तो रोज पारापर्यंत नेत होता. एका खेपेला पाराशी मंजुळाबाईच्या दारात माणसं गोळा झालेली दिसली. जखमेचं विष अंगात भिनून साहेबराव पहाटे गेला होता. पंचाक्षरीने आधी तोटी सोडली, रांग संपेपर्यंत घागरी भरून दिल्या, आणि मग जाऊन तिच्या पायरीवर बसला.

साहेबरावचे दिवस झाल्यावर तो महादेवीला घेऊन कावेरीबाईकडं गेला. सांगायचं ते त्याने सांगितलं: नळीला वाट दुसरी होती, साहेबरावनं घाई केली, पर पाना माझ्या हातात होता. कावेरीबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्यावर राग न्हाई म्हनले, तर खोटं हुईल," ती म्हणाली. "आन् मला खोटं बोलायचं न्हाई. तुम्ही पुन्हा येऊ नका."

तो पुन्हा गेला नाही. उदगीर काही मोठं नव्हतं. बाजारात, बसस्टँडवर ती समोरून यायची, तेव्हा तो बाजूला होऊन उभा राहायचा आणि ती पुढं निघून जायची. दुष्काळ सरला. टँकर भंगारात गेला. गॅरेजला गिऱ्हाइकं परत आली, पण गाडीत काही फेरफार करून मागणाऱ्याला तो हात जोडून दुसरीकडं पाठवायचा. महादेवी म्हणायची, माणूस आहे तसाच आहे, फक्त हसणं सोडून बसलाय.

साठी ओलांडून काही वर्षांनी पंचाक्षरी वारला. समाजाच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून मातीत ठेवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग हातावर दिलं. माती लोटायला माणसं पुढं होऊ लागली, तेव्हा गर्दीच्या कडेने कावेरीबाई आली. केस पांढरे, पदर डोक्यावरून. तिने वाकून मूठभर माती घेतली. मूठ खड्ड्यावर धरून ती बराच वेळ उभी राहिली, मागची माणसं खोळंबली. मग तिने बोटं सैल केली, हात पदराला पुसला, आणि महादेवीकडं न वळता आल्या वाटेने निघून गेली.